एकदा पोट बिघडलं की आतडं कायमचं हळवं होतं का?

धायरीची_धनू (धागाकर्ती), रविवार रात्री १०:१२

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात काय चाललं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. सकाळी पेपर उघडला की जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, यात हातापायातली शक्ती जाते) आकडा. त्याच पंधरवड्यात मला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. पाच दिवस ताप, कळा, सगळं साग्रसंगीत. पुढचे तीन आठवडे पायाला जरा मुंगी आली की मी उठून जिना चढून बघायचे, पाय चालतायत ना. चालत होते. सुटलो.

मुलगा आठवड्यात टुणटुणीत झाला. मी नाही. आता सहा महिने झाले. सकाळचा चहा पोटात गेला की पळा. पोळी खाल्ली की कधी कळ, कधी नाही. लग्नाला जायचं तर आधी कार्यालयात बाथरूम कुठे आहे ते शोधायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं 'नॉर्मल'. सासूबाई म्हणतात, आतडं हळवं झालंय. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत.

प्रश्न दोन. जंतू कधीच गेले, तरी एका संसर्गाने आतड्याच्या संरक्षणव्यवस्थेत खरंच काही बदलतं का? यावर कुणी काही वाचलंय? आणि दुसरं, मुलाचं पोट यामुळे 'तयार' झालं असेल का?

औषधं सुचवू नका. औषधं भरपूर झाली.

---

तिरसट_तात्या, रविवार रात्री १०:१९

"औषधं सुचवू नका" लिहिलंत म्हणजे आता सत्तावीस येणार. सुरुवात मीच करतो. बेलफळाचा मुरंबा.

---

नलूमावशी, रविवार रात्री १०:४७

औषध नाही, अनुभव सांगते हो. १९७४ साली साताऱ्याला मला विषमज्वर (टायफॉइड) झाला होता. एकवीस दिवस ताप. आईने पेज आणि गुरगुट्या भात याशिवाय महिनाभर काही दिलं नाही. पोळी मागितली तर डॉक्टरांनी दटावलं होतं, "आतड्याला भोक पडेल!" मला वाटायचं घाबरवायला सांगतात. पुढे दोन वर्षं तरी मला हरभऱ्याची डाळ सोसायची नाही. मग आपोआप सोसायला लागली.

---

जव्हारचा_डॉक्टर, सोमवार सकाळी ६:५५

नलूताई, डॉक्टर घाबरवत नव्हते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात संरक्षक पेशींचे पुंजके असतात. १६७७ मध्ये योहान कोनराड पायर या स्विस माणसाने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना पायरचे पॅचेस म्हणतात. आतड्यातून जाणाऱ्या मालाचे नमुने उचलून तपासायचे हे त्यांचं काम. टायफॉइडचा जंतू नेमका याच तपासणी नाक्यातून आत शिरतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथेच व्रण पडतात आणि क्वचित भोकही. चोर पोलीस चौकीतून घुसावा तसा प्रकार. (पोळीने भोक पडत नाही, पण त्या काळी सगळेच तसं सांगत.)

धनूताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. हे यजमानांना वाचून दाखवा.

आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर. एका बाजूला अन्न, अब्जावधी जंतू आणि मळ, दुसऱ्या बाजूला आपण. या थरातल्या काही पेशी चिकट श्लेष्मा सोडतात, काही जंतुनाशक रसायनं. त्याच्या पाठीमागे बसलेल्या पेशी आयजीए नावाचं प्रतिपिंड (जंतूंना ओळखून चिकटणारं प्रथिन) रोज काही ग्रॅम तयार करतात. हा थर चार-पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण नवा होतो, म्हणून साधे जुलाब आठवड्यात आटोपतात. भिंत नवी झाली तरी मागचे पहारेकरी मात्र तेच असतात, आणि त्यांनी मारामारी पाहिलेली असते.

जुलाबानंतर महिनोन्महिने पोट कुरकुरत राहणं याला संसर्गोत्तर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळवं आतडं) म्हणतात. साधारण दहातल्या एकाला होतं. सर्वांत मोठा पुरावा कॅनडातला आहे. ओंटॅरिओ प्रांतातलं वॉकरटन हे पाचेक हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, गुरांचं शेण गावच्या विहिरीत उतरलं, आणि ई-कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंनी दोन हजारांवर लोक आजारी पडले. सात जण गेले. पुढे संशोधकांनी त्या गावाचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दोन-तीन वर्षांनीसुद्धा, ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश लोकांना आयबीएसची लक्षणं होती. न आजारलेल्यांत हे प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास. आठ वर्षांनी आजारलेल्यांतलं प्रमाण उतरून पंधरा टक्क्यांवर आलं होतं. बहुतेक जण सावरतात, पण सावकाश सावरतात.

---

ओढ्याचं_पाणी, सोमवार सकाळी ८:३०

हे सगळं आरओ फिल्टरवाल्या पिढीचं दुखणं आहे. आम्ही वाईजवळच्या खेड्यात ओढ्याचं पाणी प्यायलो, माती खाल्ली, पडलेली बोरं शर्टाला पुसून खाल्ली. ६३ वर्षांचा आहे, आजवर पोटाची गोळी घेतलेली नाही. संसर्ग झाल्याशिवाय प्रतिकारशक्ती येत नाही. धनूताई, मुलाला घाण्यात, आपलं, घाणीत खेळू द्या.

---

तिरसट_तात्या, सोमवार सकाळी ८:३४

घाण्यात नको हो, तेल निघेल पोराचं.

---

लूवेनमधली_लेक, सोमवार दुपारी १:०५

या विषयावरचं एक फार सुंदर काम मी राहते त्याच गावात झालंय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. (मी त्या प्रयोगशाळेत नाही, दुसऱ्या इमारतीत यीस्ट वाढवते.)

बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातल्या खी बुकस्टान्स यांच्या गटाचा हा शोधनिबंध जानेवारी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यांनी उंदरांना आतड्याचा जिवाणूसंसर्ग दिला आणि त्याच दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाला, जंतू गेले. काही आठवड्यांनी तेच प्रथिन पुन्हा दिलं, तर उंदरांचं आतडं दुखऱ्या फोडासारखं हुळहुळं झालं. ज्यांना प्रथिन दिलं पण संसर्ग नव्हता, त्यांना काहीच नाही.

एरवी आपली संरक्षणव्यवस्था अन्नाकडे काणाडोळा करते. वरण दिसलं म्हणून कुणी तलवार काढत नाही. पण ऐन लढाईच्या धामधुमीत जे अन्न तिथून जात होतं, त्याचीही शत्रूच्या यादीत नोंद झाली. आतड्यातल्या आतड्यात त्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. पुढे ते अन्न आलं की मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत भडकतात त्या) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि जवळच्या चेतातंतूंना डिवचतात. गंमत म्हणजे ही प्रतिपिंडं रक्तात दिसतच नाहीत. तपासण्या 'नॉर्मल' येऊनही कळा खऱ्या असू शकतात, त्या अशा.

---

आकडेमोड, सोमवार दुपारी १:२२

उंदरांवर. उंदरांचं काय, त्यांचा कर्करोगसुद्धा दर आठवड्याला बरा होतो.

---

लूवेनमधली_लेक, सोमवार दुपारी २:४०

रास्त शंका. म्हणून त्यांनी माणसंही घेतली. आयबीएस असलेल्या १२ जणांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन), सोया आणि गाईचं दूध यांचे सूक्ष्म थेंब टोचले. बाराही जणांना निदान एका पदार्थाची तरी गांधीसारखी स्थानिक प्रतिक्रिया आली. निरोगी ८ जणांपैकी दोघांनाच. नमुना लहान आहे, हे मान्य. 'आयबीएस म्हणजे अ‍ॅलर्जी' असं ते स्वतःही म्हणत नाहीत. पण धनूताईंच्या चहातलं दूध आणि पोळीतला गहू वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं.

---

नलूमावशी, सोमवार दुपारी ३:१५

म्हणजे जुलाब लागलेल्या माणसाला जड खायला देऊ नका, फक्त पेज द्या, यात तथ्य होतं म्हणा की!

---

लूवेनमधली_लेक, सोमवार दुपारी ३:३१

मावशी, मोह मलाही झाला, पण तेवढं त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. :)

---

जव्हारचा_डॉक्टर, सोमवार दुपारी ४:१०

आणि लहान मुलांच्या बाबतीत हा मोह आवराच. जुलाबात मुलाचं अन्न तोडू नये. अंगावरचं दूध तर मुळीच थांबवू नये. ओआरएस, नेहमीचं मऊ अन्न आणि १४ दिवस झिंक. झिंकने अस्तर लवकर सांधतं आणि पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही कमी होतात. बहुतेक घरांत जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी झिंकची बाटली फ्रीजच्या दारात जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते.

दुधाचं आणखी एक साधं कारण असतं. दुधातली साखर पचवणारं विकर अस्तरावरच्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी असतं, आणि जुलाबात आधी टोकंच झडतात. त्यामुळे काही आठवडे दूध बाधतं. ताकात त्या साखरेचा काही भाग आंबून गेलेला असतो, म्हणून ताक सोसतं. पण हे सहसा महिना-दोन महिन्यांत सुधारतं. सहा महिने म्हणजे दुसरं काही असावं.

---

काढाप्रेमी, सोमवार सायंकाळी ६:००

लूवेनला कशाला जायचं? अतिसार थांबला तरी अग्नी मंद असताना अपथ्य केलं की ग्रहणी (अन्न धरून पचवणारा आतड्याचा भाग) बिघडते, हे आपल्याकडे आयुर्वेदात शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. संसर्गोत्तर आयबीएस म्हणजे ग्रहणी. इतकं सरळ आहे. फक्त इंग्रजीत लिहिलं की लोकांना पटतं.

---

आकडेमोड, सोमवार सायंकाळी ६:०४

आला. मी चिवडा घेऊन बसतो.

---

जव्हारचा_डॉक्टर, सोमवार रात्री ९:२०

चिवडा ठेवा, भांडण नाही. काढाप्रेमी, 'जुलाब गेले पण पोट बिघडलेलंच राहिलं' हे निरीक्षण त्या वैद्यांनी अचूक टिपलंय, त्याला माझा नमस्कार. पण ते कुठल्या पेशीमुळे होतं, कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि उपाय शोधायचा तर तेच कळायला हवं. निरीक्षण जुनं असल्याने नवा शोध लहान होत नाही, आणि उलटही.

आता ओढ्याचं पाणी यांच्याकडे वळतो. साहेब, तुमच्याबरोबर तोच ओढा प्यायलेली जी मुलं पाच वर्षांची होण्याआधी गेली, ती या धाग्यावर लिहायला येणार नाहीत. जव्हारला मी नोकरीला लागलो तेव्हा दर पावसाळ्यात अशी मुलं खांद्यावर टाकून आणायचे. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. त्यांचीही प्रतिकारशक्ती 'तयार' होत होती.

भावनेपेक्षा विदा (डेटा) बरा, म्हणून दोन गोष्टी. १९६० च्या दशकात अमेरिकेचे पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, राहायला आले. धडधाकट पोरं. तिथे राहिल्यावर त्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले तर अस्तरावरचे उंचवटे बुटके झालेले, आत सूज, पोषण नीट शोषलं जात नव्हतं. मायदेशी परतल्यावर हळूहळू सगळं पूर्ववत झालं. म्हणजे दोष रक्ताचा किंवा वंशाचा नव्हता, रोजच्या पाण्यातून-अन्नातून होणाऱ्या माऱ्याचा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यावर पुढे कित्येक वर्षं काम झालं. जुलाब न होताही आतडं असं कायम धुमसत राहू शकतं.

दुसरी गोष्ट लशीची. पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात, म्हणजे ती आतड्याच्या संरक्षणव्यवस्थेलाच शिकवते. वेल्लोरच्या टी. जेकब जॉन यांनी फार आधीपासून सांगितलं होतं की पाश्चात्त्य देशांत पुरतात तेवढे डोस आपल्या मुलांना पुरत नाहीत. शेवटी आपण घरोघर किती वेळा थेंब पाजले ते आठवा. रोटाव्हॅक या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला सुमारे ६,८०० बाळांवर झाली. २०१४ मध्ये निकाल आला, पहिल्या वर्षी तीव्र आजारापासून संरक्षण ५६ टक्के. श्रीमंत देशांत अशा लशी ८५ टक्क्यांच्या वर जातात. लस वाईट नाही, तिने असंख्य मुलं वाचतात. पण सततच्या संसर्गांनी गजबजलेल्या आतड्याला नवा धडा शिकवणं जड जातं, हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानतात. संसर्गाने आतडं 'तयार' होत असतं तर आपल्या मुलांनी लशीत पहिला नंबर काढायला हवा होता.

---

ओढ्याचं_पाणी, सोमवार रात्री ९:५८

डॉक्टर, गेलेल्या मुलांचं वाचून गप्प झालो. माझा एक मोठा भाऊ होता, दीड वर्षाचा असताना 'ढाळ लागून' गेला, असं आई सांगायची. मी त्याचा कधी असा विचार केला नव्हता.

पण प्रश्न उरतोच. मग काहीच शिकत नाही का आतडं?

---

लूवेनमधली_लेक, मंगळवार सकाळी ११:१५

शिकतं ना, काका. रोटाव्हॅकचीच गोष्ट घ्या. तो विषाणू दिल्लीच्या एका नवजात बाळाच्या मळात सापडला. बाळाला काहीच त्रास नव्हता. आणि ज्या बाळांना जन्मतःच या विषाणूची लागण झाली होती, ती पुढे रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून बरीचशी वाचली. एम. के. भान आणि सहकाऱ्यांनी हे ताडलं आणि त्यातूनच लस निघाली. म्हणजे संसर्गाने शिकवलंच की.

पण किती शिकवलं? मेक्सिकोतल्या मुलांना रोटाव्हायरसची दोनदा लागण झाली की तिसऱ्यांदा मध्यम वा तीव्र जुलाब झालेच नाहीत. वेल्लोरला गगनदीप कांग यांच्या गटाने ३७३ मुलांना तीन वर्षं असंच न्याहाळलं. २०११ मध्ये निकाल छापला. तीनदा लागण होऊनही संरक्षण ७९ टक्केच. विषाणू एकच, पण आतडं ज्या गल्लीत राहतं त्यावर बरंच ठरतं.

---

शेवटचा_बाक, मंगळवार दुपारी १२:४०

एक बाळबोध शंका. जुलाबाचा जंतू पोटात, मग जीबीएसमध्ये पाय कसे जातात?

---

जव्हारचा_डॉक्टर, मंगळवार दुपारी १:३०

बाळबोध नाही. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाच्या जंतूच्या अंगावर ज्या शर्करा असतात, तशाच शर्करा आपल्या चेतातंतूंच्या आवरणावर असतात. आतड्यात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनतात, जंतू मारतात, आणि मग तोंडवळा सारखा म्हणून चेतातंतूंवर घसरतात. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांपासून शक्ती जायला लागते. हजारभर कॅम्पिलोबॅक्टर रुग्णांत जेमतेम एकाला असं होतं, पण एकाच भागात एकाच वेळी भरपूर लोकांना लागण झाली की तो 'एक' पुन्हा पुन्हा दिसतो. पुण्यात २०२५ मध्ये दोनशेवर रुग्ण झाले, बऱ्याच जणांच्या मळात हाच जंतू सापडला. काहींच्यात नोरोव्हायरसही होता.

धनूताई, तुम्ही जिने चढून बघत होतात ते वेडेपण नव्हतं. फक्त तीन आठवड्यांनंतर थांबलात ते बरं केलंत.

---

फक्त_वाचक, मंगळवार दुपारी २:१०

पाच वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. माझा आतेभाऊ त्या दोनशेत होता. रविवारी जुलाब थांबले, पुढच्या रविवारी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. सतरा दिवस व्हेंटिलेटर. आता काठी घेऊन चालतो, नोकरीवर परत गेलाय. त्याला अजून कुणी "पाणी उकळून पी रे" म्हटलं की तो नुसता हसतो.

एवढंच.

---

नलूमावशी, मंगळवार दुपारी २:२६

देव त्याला बळ देवो रे बाळा. लिहीत जा.

---

मेळघाटातून, मंगळवार रात्री ८:४५

मी पाणी-स्वच्छतेच्या कामात आहे, म्हणून एक कडू गोळी. आम्हीही मानत होतो की संडास बांधा, हात धुवायला साबण द्या, पाण्यात क्लोरीन टाका, आतडं शांत होईल आणि मुलं उंच वाढतील. बांगलादेश आणि केनियात हजारो गरोदर बायका घेऊन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१८ मध्ये निकाल आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले. केनियात तेही नाही. आणि उंची दोन्हीकडे स्वच्छतेने वाढली नाही, पूरक आहाराने किंचित वाढली. तो निकाल वाचला त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

माझा अर्थ असा, की अंगणात कोंबड्या, पलीकडे गुरं, शेजारी उघड्यावर जाणारे, यात एका घरात साबण ठेवून आतड्यावरचा मारा पुरेसा कमी होत नाही. नळाला २४ तास स्वच्छ पाणी ही वेगळीच चीज आहे. पण असं अहवालात लिहिलं की "बजेट?" असा उलटा प्रश्न येतो.

---

तिरसट_तात्या, मंगळवार रात्री ९:०२

अवांतर: पुण्यात तीन वर्षं झाली, पाणीपुरीवाला 'बिसलरीचं पाणी आहे साहेब' म्हणतो. बाटली दाखवतो. बाटली तीच असते. तीन वर्षं.

---

आकडेमोड, मंगळवार रात्री ९:१०

अवांतरात अवांतर: ओआरएसचा उल्लेख झालाच आहे तर १९७१ आठवा. बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. कॉलराचं विष आतड्याला पाणी सोडायला लावतं, पण साखरेसोबत मीठ आत ओढणारं दार चालूच राहतं, ही त्यातली खुबी. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये. ते गेल्यानंतर.

---

काढाप्रेमी, मंगळवार रात्री ९:४०

यावर मात्र एकमत.

---

लूवेनमधली_लेक, बुधवार सकाळी १०:५०

मूळ प्रश्नाकडे येते. दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचा, मला ते एकत्र फार आवडतात.

पहिला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या यास्मिन बेलकाइद यांच्या गटाचा, २०१५ चा. उंदरांना एकदाच आतड्याचा तीव्र संसर्ग दिला. जंतू गेले, पण बऱ्याच उंदरांत आतड्यातून निघणाऱ्या लसिकावाहिन्या (संरक्षक पेशी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) गळक्या राहिल्या. आतड्यातली खबर लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचवणाऱ्या निरोप्या पेशी वाटेतच आजूबाजूच्या चरबीत भरकटल्या. निरोपच नाही, तर नवी लसही नीट शिकवली जाईना आणि अन्नाशी सलोखाही राहीना. ही अवस्था महिनोन्महिने टिकली. आणि ती टिकवून ठेवत होते कोण? आतड्यातले रोजचे, एरवी निरुपद्रवी जंतू. प्रतिजैविकांनी त्यांना काही काळ हटवलं तर व्यवस्था रुळावर आली. (घरी करू नये!)

दुसरा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या डॅनियल मुसिडा यांच्या गटाचा, २०२१ चा. त्यांना आधी आढळलं होतं की साल्मोनेलाच्या संसर्गात आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी मरतात आणि आतड्याची हालचाल बिघडते. मग त्यांनी पाहिलं, आधी दुसरा संसर्ग होऊन गेलेला असेल तर? जिवाणूंचा असो वा जंतांचा, आधी झालेल्या संसर्गाने पुढच्या खेपेला चेतापेशी वाचवल्या. जिवाणूंनंतर हे काम तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींनी केलं, जंतांनंतर इओसिनोफिल नावाच्या दुसऱ्या संरक्षक पेशींनी.

म्हणजे ओढ्याचं पाणी काका आणि डॉक्टर, दोघांच्याही बाजूने उंदीर साक्ष देतात.

---

तिरसट_तात्या, बुधवार सकाळी १०:५८

उंदराला आधी कुणी विचारलं का, त्याला काय वाटतं?

---

ओढ्याचं_पाणी, बुधवार दुपारी १२:०५

म्हणजे मी अर्धा बरोबर. घरी प्रिंट काढून लावतो. नातवाला मात्र उकळलेलंच पाणी देतोय कालपासून.

---

जव्हारचा_डॉक्टर, बुधवार दुपारी ४:३०

मुलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर: ज्या जंतूने जुलाब झाले त्याच्याविरुद्ध काही काळ थोडंफार संरक्षण मिळालं असेल. पण त्याचं पोट 'तयार' झालं असं समजून पुढच्या महिन्यात त्याला उसाचा रस पाजू नका. टायफॉइडची लस दिली नसेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच मुलांना ती संयुग्म (जंतूचा अंश प्रथिनाला जोडलेली) लस सार्वजनिक मोहिमेतून दिली होती, तेव्हा देशात कुणीच तसं केलं नव्हतं.

तुमच्यासाठी एकच विनंती. सेलिअ‍ॅकची (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी झाली आहे का ते बघा, आणि ती होईपर्यंत गहू सोडू नका. गहू सोडून तपासणी केली की ती खोटी 'नॉर्मल' येते. वजन उतरणं, मळातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, यातलं काही असेल तर हा धागा बंद करून आधी डॉक्टरकडे.

---

धायरीची_धनू (धागाकर्ती), शनिवार रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. सावकाश उत्तर देतेय कारण दोनदा सगळं वाचून काढलं. फक्त_वाचक, तुमच्या आतेभावाचं वाचून मी माझ्या चहाचं रडगाणं मागे घेणार होते, मग ठरवलं दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

डॉक्टर, सेलिअ‍ॅकची तपासणी झालेली नव्हती. सोमवारी आहे. तोवर पोळी चालू. वजन, रक्त वगैरे काही नाही. वही घातली आहे, काय खाल्लं आणि काय झालं त्याची. पाच दिवसांच्या नोंदी बघता पोळी निर्दोष वाटते, संशयित दूधच आहे. बुधवारी कोरा चहा घेतला आणि नऊ वाजेपर्यंत घरात शांतता होती. पाच दिवसांवरून काही ठरत नाही, हे आकडेमोड म्हणायच्या आधी मीच म्हणते.

लूवेनचा तो अंड्याच्या प्रथिनाचा भाग नवऱ्याला वाचून दाखवला. "उंदीर," एवढंच म्हणाला. मग काल तो ऑफिसच्या लोकांबरोबर लोणावळ्याला गेला, धबधब्याखाली उभं राहून भजी खाल्ली, आणि आज पहाटेपासून सातव्यांदा आत गेलाय. सासूबाई बाथरूमच्या दाराशी ओआरएसचा पेला घेऊन उभ्या आहेत आणि म्हणतायत, "मनाचे खेळ असतील रे."

---

तिरसट_तात्या, शनिवार रात्री ११:२४

पत्ता पाठवा. मुरंबा पाठवतो.

---

जव्हारचा_डॉक्टर, रविवार सकाळी ६:४०

मुरंबा नको. पेला चालू ठेवा, आणि पुढचे तीन आठवडे त्यांना जिना चढून बघू दे.